नाण्याचाही सात-बारा

मुळशी तालुक्यात पौड-पिरंगुटच्या बाजूला दोन गुंठे घेऊ पाहणारा शिक्षक वा कारकून इसार देण्यापूर्वी सात-बारा पाहतो, जुने फेरफार वाचून घेतो. विकणाऱ्याच्या हक्कात खोट असेल तर ती घेणाऱ्याच्या गळ्यात पडते, हे त्याला शिकवावे लागत नाही. हाच गृहस्थ वाण्याकडून सुटे पैसे घेताना मात्र ही नोट पूर्वी कोणाच्या खिशात होती, असे विचारीत नाही. विचारण्याचे कारणही नाही. टपालातून गहाळ झालेली नोट, तीवर मूळ मालकाची सही असतानाही, प्रामाणिकपणे स्वीकारणाऱ्या बँकेचीच, असा निवाडा स्कॉटलंडच्या न्यायालयाने १७४९ मध्ये दिला तो याचसाठी. एरवी बाजारच बंद पडावयाचा.

बिटकॉइनची गोष्ट निराळी. नाव नाण्याचे, पण स्वभाव जमिनीचा! २००९ पासूनचा त्याचा प्रत्येक व्यवहार एका जाहीर खतावणीत नोंदलेला असून ती कोणालाही वाचता येते. तीत नावे नसतात, सांकेतिक क्रमांक असतात. परंतु खरेदी-विक्रीच्या पेढीने ग्राहकाचे ओळखपत्र एकदा घेतले की क्रमांकामागचा माणूस सापडू शकतो.

पुण्याला हे प्रकरण अपरिचित नाही. दरमहा दहा टक्के परताव्याच्या आमिषाने लोकांची नाणी गोळा करणाऱ्या 'गेनबिटकॉइन'च्या मुख्य आरोपीस पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये पकडले. २०२२ च्या जानेवारीत तो मरण पावला. मार्चमध्ये तपासासाठी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच नाणी वळविल्याच्या आरोपावरून अटक झाली. कुंपणानेच शेत खाल्ले, असा तो आरोप! अशी गेलेली नाणी नष्ट होत नाहीत, हातोहात फिरतात. त्यांतील अंश उद्या मुळशीतल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या खात्यात आला तर?

त्याने पुरती किंमत मोजलेली असेल, नफ्यावर २०२२ पासूनचा तीस टक्के करही भरलेला असेल. तरीही नोटेचे संरक्षण त्याला आपोआप लाभत नाही. कारण आपला कायदा या नाण्यांना चलन मानीत नाही, 'आभासी डिजिटल मालमत्ता' म्हणतो. २०२३ च्या मार्चपासून पेढ्याही काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली आल्या आहेत. संशयास्पद व्यवहार कळविणे त्यांना भाग आहे.

फसलेल्याचा हक्क आम्ही कमी लेखीत नाही. तोही बहुधा पगारदारच असतो. परंतु त्याची भरपाई चोराकडून आणि जाणूनबुजून माल घेणाऱ्याकडून व्हावी. नोंदणीकृत पेढीतून रीतसर खरेदी करणाऱ्यास संसदेने स्पष्ट शब्दांत अभय द्यावे. तोवर प्रत्येक खरेदीची पावती जपून ठेवावी, आणि अनोळखी माणूस रोखीने स्वस्तात नाणी देऊ लागला तर ती घेऊ नयेत.