पंखा लावण्याआधी

इलेक्ट्रॉनिक्सची कुठलीही वस्तू तापायला लागली की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला. पंखा लावा. सांगायला सोपा, खिशाला परवडणारा, आणि लावल्यावर आपण काहीतरी केलं असंही वाटतं. माझं मत मात्र असं की स्टेपर मोटरच्या क्लोज्ड लूप बोर्डाला तरी पंखा शेवटी लावावा, आधी नव्हे.

का ते सांगतो. ज्यांना असल्या यंत्रांशी काही देणंघेणं नाही अशा नातेवाईक मंडळींनी (तुम्ही वाचता, मला ठाऊक आहे) जरा धीर धरावा. साधी स्टेपर मोटर आंधळी असते. बहुतेक मोटरींत एका फेरीची २०० पावलं, एकेक पाऊल १.८ अंशांचं. बोर्ड "चल" म्हणतो, ती चालते. वाटेत अडकली तर पाऊल चुकतं, पण बोर्डाला त्याचा पत्ता नसतो. नक्षी वाकडी आली की मगच आपल्याला कळतं. क्लोज्ड लूपमध्ये मोटरच्या शाफ्टच्या मागच्या टोकाला एक छोटं चुंबक असतं आणि त्याच्यासमोर बोर्डावर सेन्सर. शाफ्ट कुठे आहे ते बोर्डाला सतत दिसतं. मागे पडला की बोर्ड करंट वाढवतो आणि त्याला ओढून जागेवर आणतो. काम बिनचूक!

गोम इथेच आहे. अडथळा गेलेला नसतोच, फक्त तो आता नक्षीत दिसत नाही. तो उष्णतेत दिसतो. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. म्हणजे तापलेला बोर्ड ही बऱ्याचदा यंत्राने केलेली एकमेव तक्रार असते. तिच्यावर पंखा लावणं म्हणजे रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवणं.

माझा भाचा सावंतवाडीजवळ लाकडावर कोरीव काम करणारं राऊटर चालवतो. नावाच्या पाट्या, देवघराच्या जाळ्या, आणि पावसाळ्यात गणपतीच्या मखरांचं काम. मशीन त्यानेच बांधलंय, फ्रेम एमडीएफची. जुलैत एका अक्षाचा बोर्ड पाऊण तासात बंद पडायला लागला. असल्या चिपा साधारण दीडशे-एकशेसाठ अंशांना स्वतःला बंद करून घेतात, तसंच काहीसं. कारागिराने सांगितलं, बोर्ड बदला. बदलला. आठवड्यात दुसराही तसाच. मखरांचे पैसे आगाऊ घेतलेले, मशीनचा हप्ता डोक्यावर, आणि फोनवर एकच प्रश्न, "मामा, सरळ पंखा लावू का?"

मी म्हटलं, आधी कपलिंग ढिलं कर. मोटर स्क्रूपासून सुटी कर आणि नुसतीच फिरव. (मोटरची वायर मात्र चालू बोर्डावरून कधीही उपटायची नाही, ड्रायव्हर जळतो.) सुटी करूनही तापत असेल तर दोष बोर्डात किंवा त्याच्या सेटिंगमध्ये. कमाल करंट जास्त ठेवलेला असतो, गेन वाढवलेले असतात. मग मोटर उभी असतानाही जागेवर गुणगुणत राहते, मागेपुढे चाचपडते, आणि नुसत्या त्या चाचपडण्यात तापते. सुटी केल्यावर गार राहत असेल तर बोर्डाचं नावही काढू नये.

गार राहिली. इन्फ्रारेड थर्मामीटरने जोडलेली असताना ९२ दाखवत होती, सुटी केल्यावर ४६. (२०२० मध्ये घरोघरी आलेल्या कपाळाच्या गन इथे चालत नाहीत, माणसाच्या तापापुढे त्यांची धाव नाही. आणि चकचकीत धातूवर खरा आकडा येत नाही, काळी टेप चिकटवून मोजावं.) मग स्क्रू हाताने फिरवला. दोन्ही टोकांना हलका, मधे जड. कोकणातला पाऊस, एमडीएफची रंग न दिलेली कड, पाणी पिऊन ती फुगलेली आणि तिच्यावरची रेल अर्धा मिलिमीटर सरकलेली. साधी मोटर असती तर पहिल्याच दिवशी जाळी वाकडी येऊन हे कळलं असतं. या शहाण्या मोटरने महिनाभर जोर लावून ते झाकलं आणि दोन बोर्ड खाल्ले.

बरं, पंखा लावला असता तर? बंद पडणं कदाचित थांबलं असतं. मखरं गेली असती. पण नट झिजत राहिला असता. शिवाय त्या शेडमध्ये पंख्याने एमडीएफची धूळ बोर्डावरच ओढली असती, आणि धुळीची गादी उष्णता धरून ठेवते. चिपच्या डोक्यावर निळे-सोनेरी हीटसिंक चिकटवणाऱ्यांबद्दलही माझं फार चांगलं मत नाही. अशा चिपांची उष्णता मुख्यतः खालच्या धातूच्या पॅडमधून बोर्डाच्या तांब्यात उतरते, वरून प्लास्टिक असतं. थोडा फायदा होतो, दिसतं मात्र फार.

पंख्याची खरी जागाही आहे, नाही असं नाही. चोवीस व्होल्टचे पाच करणारा साधा रेग्युलेटर १०० मिलिअँपिअरलाच जवळजवळ दोन वॉट नुसते जाळतो, तिथे कुठलाही स्क्रू सुटा करून उपयोग नाही. बंद पेटीत चार बोर्ड ओळीने असतील तर वारा लागतोच. पण ते मोजल्यावर ठरवावं.

भाच्याने रेल सैल केली, डायल लावून सरळ केली, एका बाजूला पत्र्याचं पॅकिंग घातलं, कडांना रंग मारला. दीड दिवस गेला, खर्च दोनशेच्या आत. आता दिवसभर चालवून पंचावन्नच्या वर जात नाही. फ्रेम ॲल्युमिनियमची करायचीच आहे, पण ते गणपती झाल्यावर, पैसे हातात आले की.