सर्व्हर डाऊन आहे, पण उघडा तर नाही ना?

बारामती असो की इंदापूर, शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की आपली पोरंपोरी महा ई-सेवा केंद्रासमोर रांग लावतात आणि दुपारपर्यंत एकच वाक्य ऐकतात, 'सर्व्हर डाऊन आहे.' त्यावर आपण चिडतो, निवेदने देतो. पण तो सर्व्हर उघडा पडलेला नाही ना, हे आपण कधी विचारले?

महाडीबीटीवर अनुसूचित जातीचा विद्यार्थी काय काय देतो ते पाहा. आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खाते. बापाची कमाई आणि आपली जात एकाच अर्जात. ज्याच्या खिशात फी आहे, त्याला यातले बरेचसे द्यावेच लागत नाही. म्हणून सर्व्हरची सुरक्षा हा 'कॉम्प्युटरवाल्यांचा विषय' आहे, हे आम्हाला मान्य नाही.

अपाची हा जगभर वापरला जाणारा वेब सर्व्हर. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या २.४.४९ या आवृत्तीत एक भोक सापडले. सर्व्हरला सांगितलेले असते की ओसरीवरच्याच वस्तू पाहुण्याला द्यायच्या. पण पत्ता थोडा वाकडा लिहिला की तो आतल्या खोलीतले कागदही आणून देत होता. मात्र आतल्या दाराला वेगळी कडी घातली असेल तर वाचलात. दुरुस्ती म्हणून २.४.५० आली, तीही अपुरी निघाली. काही दिवसांतच २.४.५१ काढावी लागली. त्याआधी २०१४ चे हार्टब्लीड. ओपनएसएसएलमधली ही चूक दोन वर्षे कुणाच्या लक्षात आली नव्हती. अर्ध्या जगाचे कुलूप ज्या सॉफ्टवेअरवर चालत होते, ते सांभाळणारी माणसे मूठभर होती. (श्रम कुणाचे आणि डोलारा कुणाचा, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.)

दोन्ही वेळा दुरुस्ती फुकट आणि लगेच मिळाली. प्रश्न होता तो कोण बसवतो आणि कधी. आमच्या मते खरे भोक तिथे आहे. अमुक पोर्टल फुटले, असा आरोप आम्ही करत नाही. पण २०१७ मध्ये २१० सरकारी संकेतस्थळांवर लोकांचे आधार तपशील उघडे होते, हे खुद्द आधार प्राधिकरणाने माहिती अधिकारात कबूल केले. तिथे तर हॅकरचीही गरज पडली नाही!

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. मग २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला. त्याच्या कलम ७ नुसार सवलत, लाभ वा दाखला देण्यासाठी सरकार वेगळी संमती न घेताही माहिती वापरू शकते. म्हणजे शिष्यवृत्ती घेणाऱ्याची संमती गृहीतच! मात्र माहिती फुटली तर संबंधित माणसाला कळवावे, असे कलम ८ सांगते. ते धरून ठेवा.

समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. बारामती-इंदापूरच्या कार्यकर्त्यांनी तिथे माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा: शिष्यवृत्ती पोर्टलचे शेवटचे सुरक्षा लेखापरीक्षण कोणत्या तारखेला झाले? सर्ट-इनच्या यादीतल्या संस्थेकडून झाले का? सापडलेल्या त्रुटी किती दिवसांत बुजवल्या? आवृत्तीचा नंबर मागू नका, 'सुरक्षेचे कारण' देऊन तेवढ्यावरच अर्ज फेटाळतील. तारीख मागा. आणि आपल्यातली जी मुले कॉम्प्युटर शिकताहेत, त्यांनी लिनक्स आणि सर्व्हरही शिकावा, म्हणजे आलेले उत्तर वाचायला आपलाच माणूस असेल.

जय भीम!