डोंगराचा इशारा

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने संसदेत एक गोष्ट मान्य केली. तिची जितकी चर्चा व्हावयास हवी होती तितकी झाली नाही, असे आमचे मत आहे. दिल्लीच्या विमानतळावर उतरू पाहणाऱ्या काही विमानांना उपग्रहांच्या नावाने खोटे संकेत मिळाले, आणि मुंबईसह अन्य मोठ्या शहरांतूनही असे प्रकार कळविले गेले आहेत, हा त्या निवेदनाचा मथितार्थ. ज्या बीडला आगगाडी दिसावयास २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला, त्याने विमानांची चिंता कशास करावी, असे कोणी म्हणेल. परंतु या जिल्ह्यातील मुले आज आखातात आहेत, अमेरिकेत आहेत. त्यांना भेटून परतणारे आईबाप मुंबईस किंवा छत्रपती संभाजीनगरला उतरतात. तेव्हा हा प्रश्न आमचाही आहे.

खोट्या संकेतांनी विमान थोडे वाट चुकेल, एवढाच धोका असता तर आम्ही हा अग्रलेख लिहिला नसता. धोका निराळा आहे, आणि तो समजण्यासाठी जुन्नरकडे पाहावे लागते. बीडहून अहिल्यानगर-कल्याण रस्त्याने माळशेज घाट उतरणाऱ्या प्रवाशांच्या वाटेपासून निमगिरी काही फार दूर नाही. तेथील दवंड्याच्या डोंगरावर ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर इटलीच्या अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान आदळले आणि त्यातील ९४ माणसे प्राणास मुकली. विमान सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईस येत होते. आपण मुंबईच्या जवळ पोहोचलो, अशी वैमानिकाची समजूत झाली होती. प्रत्यक्षात विमानतळ ८० किलोमीटरांहून दूर होता. पावसाळी रात्र, खाली सह्याद्री, आणि यंत्रात बिघाड काहीही नाही. डोंगर समोर आहे, हे सांगणारे कोणी विमानात नव्हते, एवढेच. चार वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, जिनिव्हाकडे उतरणारे एअर इंडियाचे विमान अशाच गैरसमजातून माँ ब्लाँवर आदळले. ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते.

हे सांगणारे कोणीतरी विमानात असावे, या ध्यासातून डॉन बेटमन या अभियंत्याने जमिनीच्या सान्निध्याचा इशारा देणारे यंत्र घडविले. १९७४ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनजवळ एक विमान टेकडीवर आदळून ९२ जण मेल्यावर अमेरिकेने ते सक्तीचे केले. पहिल्या यंत्राला केवळ पायाखालची जमीन दिसे. समोरचा उभा कडा त्याला वेळेवर कळत नसे. डिसेंबर १९९५ मध्ये कोलंबियातील काली शहराजवळ १५९ बळी गेले, तेव्हा इशारा आणि आघात यांच्यात १२-१३ सेकंदांचेच अंतर होते. वैमानिकांनी विमान वर खेचले, परंतु पंखांवरील वेग कमी करणाऱ्या फळ्या उघड्याच राहिल्या. नंतरच्या सुधारित यंत्राने पृथ्वीचा नकाशाच पोटात घेतला. विमान कोठे आहे हे उपग्रहांकडून जाणून ते पुढील डोंगर ताडते, सुमारे मिनिटभर आधी सावध करते, आणि अर्धे मिनिट उरले की 'पुल अप' अशी आज्ञा देते.

आज्ञा हाच शब्द आम्ही योजतो. रात्री वा ढगांत ही हाक आली की वैमानिकाने नकाशा उलगडावयाचा नाही की नियंत्रकाशी संवाद करावयाचा नाही. स्वयंचलित नियंत्रण सोडून, पूर्ण जोर देऊन, नाक वर करून चढावयाचे, चौकशी मागाहून. मात्र माणसाचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टीच्या टोकावरून दरीत कोसळून १५८ जण दगावले. तेथे समोर डोंगर नव्हता, तरी विमान फार वेगाने खाली जात असल्याचे हेच यंत्र वारंवार बजावत होते. सहवैमानिकाने तीनदा उतरणे सोडून देण्यास सांगितले. एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने दोष ठेवला तो या इशाऱ्यांना न जुमानता उतरण्याचा हट्ट धरणाऱ्या कप्तानावर. दोनच महिन्यांनी इस्लामाबादजवळ मरगळा टेकड्यांवर १५२ जण मेले. तेथेही यंत्र मिनिटाहून अधिक काळ ओरडत होते, आणि सहवैमानिक 'सर, वर घ्या' म्हणून विनवीत होता. शिक्षकी पेशात असताना आम्ही पाहिले आहे की, विद्यार्थ्याने फळ्यावरील चूक दाखविली की मास्तरांचा चेहरा उतरतो. पण तेथे फळा पुसता येतो.

आता खोट्या संकेतांकडे येऊ. सुधारित यंत्राचे डोळे उपग्रहाचे आहेत. तेच फसविले गेले की हजारो फूट उंचीवर, डोंगराचा मागमूस नसताना ते ओरडू लागते. पश्चिम आशियातून जाणाऱ्या वैमानिकांना हा अनुभव पुष्कळदा आला आहे. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्येच यासंबंधी परिपत्रक काढले होते. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आमच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. प्रवासात दहा वेळा खोटी ठरलेली हाक अकराव्या वेळी, मुंबईच्या वाटेवर, पावसात, सह्याद्रीवर आली तर वैमानिकाचा हात किती त्वरेने हलेल? यंत्रच बंद ठेवावे असा मोह तर त्याहून घातक.

म्हणून केवळ घटनांची नोंद ठेवून सरकारचे काम संपत नाही. मोठ्या विमानतळांवर जमिनीवरून मार्ग दाखविणारी जुनी यंत्रणा उपग्रहाच्या मोहापायी मोडीत काढू नये. खोटे संकेत आढळलेले टापू कोणते, हे प्रत्येक वैमानिकास उड्डाणापूर्वी कळले पाहिजे. आणि इशारा ऐकून वर गेलेल्या वैमानिकाला, तो इशारा पुढे खोटा ठरला तरी, वाया गेलेल्या इंधनाचा व उशिराचा जाब कोणत्याही कंपनीने विचारू नये. तसा नियम लेखी असावा. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून वाहता झाला आहे. त्यासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली. आसपासचे माथेरान, प्रबळगड आणि कर्नाळा मात्र जागीच आहेत. त्या आकाशातील पहिला पावसाळा येण्यापूर्वी हे तिन्ही निर्णय झाले पाहिजेत, अशी आमची महासंचालनालयाकडे मागणी आहे.