दारे उघडी राहू द्या!

दहावीचा निकाल लागला की वर्ध्यात घरोघरी एकच खल सुरू होतो : मुलाला कोणत्या शाखेत घालावे? दोन-चार दिवसांत प्रवेशअर्जावर एक खूण होते आणि तिचे परिणाम जन्मभर पुरतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःचा कल पुरता उमगलेला नसतो. म्हणून या वयात खरा प्रश्न ‘काय व्हावे’ हा नसून ‘कोणती वाट विनाकारण बंद करू नये’ हा होय.

या दृष्टीने कळीचा विषय गणित आहे. अकरावीत जीवशास्त्र घेऊन गणित सोडणाऱ्यास वैद्यकाची वाट मोकळी राहते. परंतु तेथे प्रवेश हुकला तर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा त्याला दुरावलेल्या असतात. वाणिज्य शाखेत गणिताऐवजी ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ घेणे सोपे वाटते. पण दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीला बारावीचे गणित लागते. हे पालकांना उमगते तेव्हा वेळ टळून गेलेली असते.

मग सर्वांनी विज्ञानच घ्यावे काय? आम्हांस हा तोडगा मान्य नाही. इतिहासात रमणाऱ्या मुलाला केवळ धाकापोटी दोन वर्षे प्रयोगशाळेत डांबणे हा शहाणपणा नव्हे. विज्ञानाकडून कलेकडे जाता येते, उलट मात्र बहुधा येता येत नाही; दोष या एकेरी वाटेचा आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाखांमधील कडक भिंती नाकारल्या. आपल्या राज्यात तर बारावीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकावर ‘कला व विज्ञान’ असेच छापलेले असते. पण कलाशाखेच्या किती वर्गांत ते पुस्तक उघडले जाते? शिक्षक नाही, वेळापत्रक जुळत नाही, अशी उत्तरे मिळतात. आणि सवलत कागदावरच राहते.

ऑक्टोबर 1937 मध्ये याच वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेने हात व बुद्धी यांमधील भिंत पाडण्याचा विचार देशापुढे ठेवला. त्या नगरीने निदान विषयांमधील भिंत तरी पाडावी. एका महाविद्यालयाला गणिताचा शिक्षक परवडत नसेल, तर दोघा-तिघांनी मिळून तो नेमावा आणि कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास त्या वर्गात बसू द्यावे. पालकांनीही अर्ज भरण्यापूर्वी, मुलाला आवडणाऱ्या दोन-तीन पदव्यांना कोणते विषय लागतात, हे आधी पाहावे. दार लावायला क्षण पुरतो. ते पुन्हा उघडण्यात मुलाची उमेदीची वर्षे जातात.