सावकाराची वही गेली, सिबिलचा आकडा आला

मराठीत 'पत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक गावातली प्रतिष्ठा आणि दुसरा बाजारातली उधारी. ज्याला पहिली नाही त्याला दुसरीही नाही, हा जातिव्यवस्थेचा जुना हिशेब. आता बँका म्हणतात, आम्ही जात पाहत नाही, आकडा पाहतो. ३०० ते ९०० पर्यंतचा हा आकडा म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले 'सिबिल'. या आकड्यात जातीचा रकाना नाही हे खरे. पण मागच्या व्यवहाराचा आहे. आणि आपल्या माणसांचे मागचे व्यवहार कोणत्या बँकेच्या दप्तरात आहेत?

शहापूर तालुक्यातील किन्हवलीचा परिसर घ्या. याच तालुक्यातल्या तानसा, भातसाचे पाणी मुंबईला जाते, पण मुंबईतल्या बँकांची पत इथल्या वाड्यापाड्यांपर्यंत येत नाही. पावसाळा सरला की शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबे वीटभट्टीची उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडे निघतात. घेतलेला बयाणा घाम गाळून फेडतात. कर्ज फेडण्याची दानत याहून वेगळी काय असते? पण भट्टीमालकाच्या वहीतली ही फेड कुठल्याही पतमाहिती कंपनीकडे जात नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली आला, तरी राबून फेडणाऱ्याची पत कागदावर शून्यच राहिली.

उलट, आसनगावला लोकल धरून कामाला जाणाऱ्या पोराने हप्त्यावर मोबाईल घेतला आणि काम सुटल्यामुळे दोन हप्ते थकले, तर ती नोंद ताबडतोब होते आणि वर्षानुवर्षे राहते. शेजाऱ्याला जामीन राहिलेल्या माणसाचीही पत त्या शेजाऱ्याच्या थकबाकीने जाते. म्हणजे आपला प्रामाणिकपणा मोजला जात नाही, अडचण मात्र चोख मोजली जाते!

असा पोरगा क्रेडिट कार्ड मागायला जातो. नकार मिळतो. तो दुसऱ्या, तिसऱ्या बँकेत अर्ज करतो. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि आकडा आणखी घसरतो. मग 'सिबिल साफ करून देतो' म्हणणारा दलाल गाठ पडतो. समाजबांधवांनो, खरी नोंद पैसे देऊन पुसली जात नाही. पैसे मात्र जातात.

त्यापेक्षा आपले हक्क माहीत करून घ्या. चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट दिला पाहिजे. त्यात न घेतलेले कर्ज किंवा फेडलेली थकबाकी दिसली तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दररोज १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे. कार्डाचा अर्ज नाकारला तर बँकेने नेमके कारण लेखी कळवलेच पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. आणि ज्याने कधी कर्जच घेतले नाही, त्याला केवळ जुनी नोंद नाही म्हणून कर्ज नाकारू नये, हे केंद्र सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितले आहे.

पत बिघडलीच असेल तर वाट लांबची आहे, पण आहे. आधी थकबाकी पूर्ण फेडा. 'तडजोड' करून कमी रक्कम भरली तर तशी नोंद राहते, हे विसरू नका. मग मुदतठेव ठेवून तिच्या तारणावर मिळणारे कार्ड घ्या. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी वापरा आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरा. 'किमान रक्कम भरा' या ओळीला भुलू नका. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांहूनही अधिक व्याज चढू शकते. कार्डावर रोख काढाल तर पहिल्या दिवसापासून चढते. सावकार याहून वेगळे काय करत होता? ठेवीला पैसे नसतील तर उसने काढून कार्ड घेऊ नका. कार्ड म्हणजे मिळकत नव्हे.

पण सारा भार गरिबाच्या शहाणपणावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. वेळेवर भरलेले वीजबिल आणि घरभाडे पतीच्या हिशेबात धरले पाहिजे. भट्टीवरच्या उचलीचा लेखी हिशेब मजुराच्या हातात पडला पाहिजे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली कशासाठी स्थापन झाले? त्याच्या योजना बँकेच्या उंबरठ्यावर अडणार असतील तर जाब विचारावाच लागेल.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. १९३७ साली खोती मोडण्यासाठी विधेयक आणले. पैसा कोणाच्या हातात राहतो यावर गुलामी ठरते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या अनुयायांनी बँकेचा कागद न वाचता सही करावी, हे शोभत नाही. विहारात रविवारी वंदना झाल्यावर तासभर हे कागद उघडून बसा. लिहिता-वाचता येणाऱ्याने न येणाऱ्याचा अहवाल वाचून दाखवावा. आपली पत दुसऱ्याच्या वहीत किती लिहिली आहे, हे आधी आपल्याला ठाऊक झाले पाहिजे.