जुन्या नोंदींचे आयुष्य

1941 साली स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक 1 एप्रिल 2017 रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि नांदेड-लातूरकडील असंख्य ठेवीदारांची खाती नव्या छत्राखाली आली. अशा वेळी बंद वा निष्क्रिय खात्यांच्या नोंदी चालू संगणकातून काढून अभिलेखागारात हलविणे क्रमप्राप्तच असते. मात्र कोणती नोंद किती काळ जपावी, हे केवळ यंत्रातील जागेवरून ठरविता येणार नाही. 1985 च्या नियमांनुसार बँकांनी काही नोंदी किमान 5, तर काही 8 वर्षे राखावयाच्या असतात. परंतु 10 वर्षे दावा न झालेली ठेव 2014 च्या योजनेनुसार रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग झाली, तरी ठेवीदाराचा वा त्याच्या वारसाचा हक्क संपत नाही. म्हणूनच अशा खात्यांच्या नोंदी कायम जपण्याचे बंधन त्या योजनेत आहे. तेव्हा सरसकट वयोमर्यादा लावून नोंदी पुसणे धोक्याचे ठरेल. हक्काचे आयुष्य हाच नोंदीच्या आयुष्याचा निकष असावा. नोंद वाचणारी प्रणालीही तिच्यासोबत जपावी आणि दरवर्षी काही जुनी खाती प्रत्यक्ष काढून पाहावीत. वाचताच न येणारी खातेवही कपाटात असूनही नसल्यासारखीच! तिची झळ मात्र सामान्य ठेवीदारालाच सोसावी लागते.