खडूची फुली
या आठवड्यात एका वार्षिक प्रदर्शनातून माझी नापसंत चित्रं परत आणली. परीक्षक आंधळे असतात, असं मी म्हणणार नाही. बॉम्बे आर्ट सोसायटीनं १९३७ साली अमृता शेर-गिलच्या ‘तीन मुली’ला सुवर्णपदक दिलंच होतं. माझा राग आहे तो चित्रामागच्या खडूच्या फुलीवर. फ्रेमवाल्यानं थुंकी लावून पुसली, तर हार्डबोर्डवर आणखीच फराटली. अहो, प्रवेश फी मोजून घेता ना? मग नकाराचं एक वाक्य तरी लिहून द्या: रंग मळलाय, रचना ढिली आहे, काहीही. उद्घाटनाला चित्रांकडे पाठ करून समईभोवती उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांचं एकेक श्रीफळ कमी केलं, तरी कागदाचा खर्च सुटेल. शालींबद्दल मी बोलत नाही. त्यांच्याशिवाय आपल्याकडे कार्यक्रम होतच नाही.